जिग फिशिंगसाठी रॉड, रील आणि लाईन कशी निवडायची? बुलढाण्याच्या धरणावर 'जिगिंग रॉड' का चालत नाही?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाने ऑनलाईन एक 'जिगिंग सेट' मागवला. रॉड, रील, दोनशे मीटर लाईन आणि वर दहा जिग फुकट. फोटोत दिसायला एकदम भारी. दुसऱ्याच रविवारी आम्ही मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणावर गेलो. त्याने जोर लावून पहिला जिग फेकला आणि तो जेमतेम पंधरा फुटांवर पडला. दुसरा त्याच्याही अलीकडे. संध्याकाळपर्यंत आमचे चार जिग दगडांत अडकून गेले आणि एकदाही कळलं नाही की जिग तळाला टेकलाय, झाडाच्या खोडाला लागलाय की माशाने ओढलाय.

घरी आल्यावर रॉडच्या मुठीजवळची बारीक अक्षरं वाचली. तिथे लिहिलं होतं: जिग ८० ते १८० ग्रॅम. आमचा जिग होता १० ग्रॅमचा.

चूक कंपनीची नव्हती. रॉड खरंच जिगिंगचा होता, पण समुद्रातल्या जिगिंगचा. आपल्याकडे 'जिगिंग रॉड' असं शोधलं की बहुतेक वेळा तोच समोर येतो. (आणि 'जिग' सोबत 'बुलढाणा' टाकलं, तर पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बातम्या येतात. तो वेगळा विषय आहे.)

म्हणून हा लेख. धरणाच्या काठावर उभं राहून जिग टाकायचा असेल तर काय घ्यायचं, काय घ्यायचं नाही आणि पैसे कुठे वाचवायचे, हे समजून घेऊया.

जिग म्हणजे नेमकं काय?

साधा गळ घ्या. त्याच्या मानेवर शिशाचा गोळा ओतून बसवा. गळाच्या दांडीवर रबराची झालर किंवा मऊ रबरी मासोळी चढवा. झाला जिग. यात गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही, वर तरंगणारा बुचाचा तुकडाही नाही. वजन डोक्यात असल्यामुळे तो फेकता येतो आणि तोंड खाली करून बुडतो. टोक थोडं वर उचललं की तो तळावरून उडी मारतो, सोडलं की पुन्हा खाली पडतो. शिकारी माशाला वाटतं, काहीतरी जखमी होऊन धडपडतंय.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मासा बहुतेक वेळा जिग वर जाताना नाही, तर खाली पडताना तोंडात घेतो. त्या क्षणी लाईन थोडी सैल असते. त्यामुळे हाताला जोरदार झटका बसत नाही. एक बारीकशी 'टक' जाणवते, किंवा पडणारी लाईन मध्येच थांबते, बस्स. पुढच्या सेकंदाला माशाला कळतं की हे रबर आहे आणि तो ते थुंकून टाकतो.

रॉड, रील आणि लाईन या तिघांनी मिळून ती 'टक' तुमच्या बोटांपर्यंत पोहोचवायची असते. सेट निवडताना बाकी सगळ्या गोष्टी यानंतर येतात.

आधी मासा ठरवा

इथे एक कटू सत्य सांगतो. आपल्या धरणांमध्ये जे मासे प्रामुख्याने सोडले जातात, म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ, ते जिगला सहसा तोंड लावत नाहीत. कटला वरच्या थरातलं प्लवंग गाळून खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतीजन्य खाद्यावर जगतो आणि मृगळ तळातला गाळ चाळतो. त्यांच्या दृष्टीने पळणारी रबरी मासोळी म्हणजे जेवण नाही. तुम्हाला रोहूच पकडायचा असेल, तर जिगचा सेट घेऊ नका. कणकेचा गोळा आणि साधी काठी जास्त कामाची आहे, पैसेही वाचतील.

जिग लागतो शिकारी माशांसाठी. आपल्याकडे त्यात पहिली मरळ आणि दुसरा शिवडा. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून अधूनमधून पृष्ठभागावर येऊन घोट घेते आणि तेव्हा दिसते. ती शेवाळाच्या कडेला, बुडालेल्या झुडपांत, दगडांच्या सावलीत दबा धरून बसते. शिवडा मोठ्या तोंडाचा, बारीक दातांच्या रांगा असलेला मासा. तो खोल खड्ड्यांत आणि जुन्या नदीपात्रात असतो. आययूसीएनच्या यादीत शिवडा सध्या 'असुरक्षित' गटात आहे, त्यामुळे लागलाच तर सोडून दिलेला बरा.

मासा ठरला की जागा ठरते आणि जागेवरून जिगचं वजन. काठावरून मरळीसाठी ७ ते १४ ग्रॅम पुरतात. एवढं ठरल्यावरच खरेदीला लागायचं. जिगच्या वजनावरून लाईन, त्यावरून रॉड आणि सगळ्यात शेवटी रील. बहुतेक जण उलटं करतात. चकचकीत रील आधी घेतात आणि मग बाकीचं त्याला जुळवत बसतात.

एक हिशोब लक्षात ठेवा. पाकिटावर १० ग्रॅम लिहिलेलं असतं ते फक्त शिशाच्या डोक्याचं वजन. वर रबरी मासोळी चढली की ते चौदा-पंधरा ग्रॅमवर जातं. रॉडला हे एकूण वजन फेकायचं असतं. काही पाकिटांवर औंस असतात: पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा औंस म्हणजे १४ आणि एक औंस म्हणजे २८.

लाईन: इथेच खरी गंमत आहे

गावाकडे ज्याला आपण तंगूस म्हणतो, ती नायलॉनची लाईन. स्वस्त, गाठ मारायला सोपी, कुठल्याही बाजारात मिळते. पण नायलॉन ताणलं जातं. तुटण्याआधी त्याची लांबी साधारण पाव हिस्स्याने वाढू शकते. तीस मीटरवर पडलेल्या जिगला मासा लागला की त्याची 'टक' या ताणातच जिरून जाते. शिवाय तुम्ही हिसका दिला तरी तो गळापर्यंत अर्धाच पोहोचतो.

दुसरी ब्रेडेड लाईन, म्हणजे बारीक तंतूंची वेणी. हे तंतू एका खास पॉलिथिलीनचे असतात. बुलेटप्रूफ जॅकेटमध्येही याच जातीचा धागा वापरतात. ती जवळजवळ ताणलीच जात नाही आणि तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा खूप बारीक असते. बारीक असल्यामुळे हलका जिगही लांब जातो. जिगसाठी मुख्य लाईन हीच घ्या, यात फार विचार करायचं कारण नाही.

जाडी कळण्यासाठी पाकिटावर पीई नंबर बघा. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, पीई १.५ म्हणजे ०.२०५ आणि पीई २ म्हणजे ०.२३५. आपल्या धरणांसाठी पीई १.५ ते २. स्वस्त लाईनवर नंबर एक आणि प्रत्यक्ष जाडी दुसरीच, असंही होतं. त्यामुळे 'इतके पाउंड ताकद' या मोठ्या आकड्यावर भाळू नका. एक पाउंड म्हणजे ०.४५ किलो, एवढं माहीत असलं की पुरे.

मग ब्रेडमध्ये खोट काय? घर्षण. आपल्याकडे धरणांचा तळ काळ्या बेसाल्टच्या धारदार दगडांचा. ताणलेली ब्रेड अशा दगडावर घासली की सुतासारखी तुटते. म्हणून शेवटचं अर्धा-पाऊण मीटर जाड लाईनचं जोडतात, त्याला लीडर म्हणतात.

लीडरसाठी यूट्यूबवर सगळे फ्लुओरोकार्बन सुचवतात. त्यामागचं शास्त्र खरं आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. पाण्याच्या जवळचा आकडा म्हणजे पाण्यात कमी दिसणं. ते नायलॉनपेक्षा जडही असतं. घनता सुमारे १.७८, नायलॉनची १.१४ आणि ब्रेडची ०.९७. म्हणूनच ब्रेड तरंगते आणि फ्लुओरोकार्बन बुडतं.

पण तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये नळगंगा किंवा पेनटाकळीचं पाणी पाहिलंय का? काळ्या मातीने गढूळ झालेल्या त्या पाण्यात हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. तिथे न दिसणाऱ्या लाईनसाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? माझ्या मते पावसाळ्यात जाड नायलॉनचा लीडर पुरतो. ०.४५ ते ०.५० मिलिमीटर, दगडाला टिकणारा. हिवाळ्यात पाणी निवळतं, तेव्हा हवं तर फ्लुओरोकार्बन लावा. वाचलेले पैसे रॉडमध्ये घाला.

लीडरची ताकद ब्रेडपेक्षा थोडी कमी ठेवा. जिग दगडात अडकून तोडायचीच वेळ आली, तर लीडर तुटतो आणि पन्नास मीटर ब्रेड पाण्यात राहत नाही. तशी राहिलेली लाईन पक्ष्यांच्या पायात अडकते आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. आणि तोडताना ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, ब्लेडसारखी कापते. एखाद्या काठीला गुंडाळा, मग ओढा.

रॉड: 'ताकद' आणि 'वाक' या दोन वेगळ्या गोष्टी

दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. स्लो ॲक्शनचा थेट मुठीपासून वाकतो, बांबूच्या हिरव्या फोकासारखा.

जिगला फास्ट ॲक्शन लागते. नाजूक टोक जिग उड्या मारायला लावतं आणि 'टक' टिपतं. खालचा ताठ भाग मरळीच्या हाडकाड जबड्यात गळ रुतवायला आणि तिला झुडपातून बाहेर खेचायला उपयोगी पडतो. पॉवर घ्या मीडियम-हेवी. मीडियममध्येही मासा येईल, पण शेवाळात घुसलेली दीड किलोची मरळ त्या रॉडने बाहेर काढणं अवघड. लांबी साडेसहा ते सात फूट. काठावर मागे बाभळी असतील तर साडेसहाच बरा.

आता ती बारीक अक्षरं. रॉडवर 'लुअर' किंवा 'कास्ट' वजन लिहिलेलं असतं. आपल्याला ७ ते २१ किंवा १० ते २८ ग्रॅमचा रॉड हवा. तुमच्या जिगचं एकूण वजन त्या पट्ट्याच्या मध्यावर यावं. अगदी खालच्या टोकाला आलं, तर रॉड वाकत नाही आणि जिग लांब जात नाही. मावसभावाचं तेच झालं होतं. कोकणात मालवण-रत्नागिरीकडे बोटीतून खोल समुद्रात जिग सरळ खाली सोडतात. तिथे प्रवाहातून तळाला पोहोचायला शंभर-दीडशे ग्रॅमचं धातूचं वजन लागतं आणि हेकरू, तांबोशीसारखे मासे खडकातून वर ओढायचे असतात. त्या कामाचा रॉड आखूड आणि दांडगाच असणार. फेकायचं काम त्याच्याकडून अपेक्षितच नाही.

कार्बन घ्यायचा की फायबर ग्लास? फायबर ग्लास चिवट आणि स्वस्त असतो, पण जड असतो आणि कंपनं गिळतो. जिगला कार्बन चांगला. टेलिस्कोपिक रॉड बॅगेत मावतो हे खरं, पण त्याच्या प्रत्येक जोडात थोडी थोडी संवेदना मरते. एसटीने जाणार असाल तर दोन तुकड्यांचा रॉड घ्या, एकच जोड राहतो.

दुकानात जाताना खिशात कापसाचा बोळा ठेवा. आपल्या जिल्ह्यात तो शोधावा लागत नाही. रॉडच्या प्रत्येक रिंगमधून तो गोल फिरवा. कुठे तंतू अडकला, तर त्या रिंगला बारीक तडा किंवा खरखर आहे आणि तीच पुढे तुमची ब्रेड कापणार. तो रॉड परत ठेवा.

रील: जाहिरातीतल्या आकड्यांना भुलू नका

सुरुवात करणाऱ्याने स्पिनिंग रील घ्यावं. बेटकास्टर दिसायला रुबाबदार असतं, पण हलका जिग फेकताना अंगठ्याचा अंदाज चुकला की आत लाईनचा असा गुंता होतो की दिवस तो सोडवण्यातच जातो. माप २५०० किंवा ३०००. ४००० पासून पुढे सात फुटी रॉडवर हात दुखायला लागतो.

'१२ बेअरिंग', '१३ बेअरिंग' याला फार अर्थ नाही. चार-पाच चांगली बेअरिंग बारा हलक्या बेअरिंगपेक्षा बरी. गिअर रेशो मात्र समजून घ्या. ६.२:१ म्हणजे हँडलच्या एका फेरीत रोटर ६.२ वेळा फिरतो. स्पूलचा व्यास ४५ मिलिमीटर असेल, तर त्याचा घेर सुमारे १४१ मिलिमीटर. म्हणजे एका फेरीला अंदाजे ८७ सेंटिमीटर लाईन आत येते. जिग पडत असताना सैल पडणारी लाईन पटकन गोळा करायला हा वेग पुरेसा आहे.

खरी परीक्षा ड्रॅगची. मासा जोरात पळाला की लाईन तुटण्याऐवजी रीलमधून सुटत जावी, यासाठी ही व्यवस्था असते. जाहिरातीत '१५ किलो ड्रॅग' लिहितात. आपल्याला तेवढा लागत नाही. नियम असा की लाईन किंवा लीडर यातलं जे कमजोर असेल, त्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ड्रॅग ठेवायचा. लीडर १२ किलोचा असेल, तर ३ ते ४ किलो. घरातल्या स्प्रिंगच्या वजनकाट्याला लाईन बांधून ओढून बघा. काटा तीनवर गेल्यावर लाईन सुटायला लागली पाहिजे आणि तीही सलग, गचके न देता. दुकानातही बोटाने ओढून पाहता येतं. गचके देणारं रील कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

लाईन भरताना आधी स्पूलवर पाच-सात फेरे नायलॉनचे घ्या आणि त्यावर ब्रेड जोडा. थेट गुळगुळीत स्पूलवर भरली तर सगळी ब्रेड जागच्या जागी घसरते, आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा रिकामी सोडा. गाठ आवळण्याआधी ती ओली करा.

हे नक्की वाचा: वीज

कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे धरणाच्या काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटारपंपांच्या वीजतारा गेलेल्या असतात आणि कित्येक ठिकाणी त्या लोंबकळतात. सात फुटांचा रॉड हातात धरून तुम्ही डोक्यावरून मागे नेता, तेव्हा टोक जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर सहज जातं. फेकण्याआधी मागे आणि वर बघा. तारेखाली उभं राहून फेकूच नका, ओल्या लाईनलाही तारेपासून लांब ठेवा. जूनमध्ये ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून काठावरून निघा. उघड्या माळावर उभा धरलेला कार्बन रॉड घेऊन थांबणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी काळजी शिशाची. जिगचं डोकं किंवा शिशाचा छर्रा दाताने दाबू नका आणि डबा उघडण्याआधी हात धुवा. शिसं विषारी आहे. शिशाची वजनं गिळून हंस मरत असल्यामुळे ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. आपल्याकडे टंगस्टनचे जिग मिळतात, पण महाग पडतात.

कुठेही गळ टाकता येतो का?

नाही. धरणांमधल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं, त्यांची घरं त्यावर चालतात. मग ते घाटाखालचं नळगंगा असो की घाटावरचं खडकपूर्णा, म्हणजे संत चोखासागर. आधी संस्थेच्या माणसाला विचारा. जिग त्यांच्या जाळ्यात अडकला तर जाळं कापू नका, आपली लाईन कापा आणि त्यांना सांगा. ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि लोणारचं कोणी सुचवलं तर हसून सोडून द्या. ते पाणी खारं-क्षारीय आहे.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा घोळका तरंगताना दिसला, तर तिथे जिग टाकू नका. खाली मरळीची जोडी राखण करत असते आणि पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते. तिला पकडणं फार सोपं असतं, पण ती गेली की पिल्लं काही तासांत दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

एप्रिल-मेमध्ये मासा लागो न लागो, एकदा धरणावर चक्कर मारा. पाणी मागे सरकलेलं असतं, खोडं, दगड, जुन्या विहिरी उघड्या पडलेल्या असतात. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हिवाळ्यात तेच सगळं पाण्याखाली असतं आणि जिग कुठे टाकायचा हे तुम्हाला माहीत असतं.

मावसभावाने नंतर ७ ते २१ ग्रॅमचा दोन तुकड्यांचा रॉड घेतला. रील तेच ठेवलं, जरा मोठं आहे पण ड्रॅग चांगला आहे. जाड लाईन काढून पीई १.५ भरली. पहिल्याच दिवशी एक मरळ लागली, पाव किलोचीही नसेल, सोडून दिली. जुना रॉड त्याने मालवणच्या एका मित्राला दिला. तिकडे तो मस्त चालतो म्हणे, फक्त प्रत्येक वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा लागतो.